बिटाची माती चार फूट खोल का तपासतात?

इथेनॉलचा विषय निघाला की हल्ली उसाच्या जोडीला शुगरबीटचं नाव हमखास येतं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलसाठी चालणाऱ्या कच्च्या मालाच्या यादीत ते आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याच्या चाचण्या घेतल्या आहेत. कृषी मासिकांत त्याला शर्कराकंद म्हणतात. 'पाच-सहा महिन्यांत येणारं, उसापेक्षा कमी पाण्याचं पीक' अशा ओळीखाली पांढऱ्या, मुळ्यासारख्या जाड कंदाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्याखाली कुणीतरी विचारतं, खत किती टाकायचं? आणि कुणीतरी ठरलेलं उत्तर देतं, माती परीक्षण करून घ्या.

उत्तर बरोबर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. माती कुठली घ्यायची, किती खोलीवरची, कधी, आणि हातात आलेल्या आकड्यांचं करायचं काय?

हे समजून घ्यायला जिथे बीट पिढ्यान् पिढ्या पिकतं तिथे जावं लागेल. अमेरिकेत उत्तरेकडे मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या सीमेवरून रेड रिव्हर नावाची नदी वाहते. तिचं खोरं म्हणजे एका प्रचंड हिमयुगीन तलावाचा तळ. परातीसारखी सपाट जमीन, आणि माती काळीभोर, चिकण. तिथल्या 'फार्गो' नावाच्या मातीचं वर्गीकरण आपल्या काळ्या कसदार जमिनीच्याच कुळात होतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना बुटाला किलोभर चिकटते. आणखी एक साम्य असं की तिथले साखर कारखानेही शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे आहेत. अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये बीट उत्पादकांनी मिळून विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. आपला प्रवरानगरचा कारखाना त्याच्या वीसेक वर्षं आधीचा.

आपण माती तपासतो ती काय कमी आहे ते कळावं म्हणून. रेड रिव्हर खोऱ्यातला शेतकरी मात्र मुख्यतः नत्र, म्हणजे नायट्रोजन, किती टाकायचं नाही ते कळावं म्हणून माती तपासतो. बाकीचं सगळं या एका उलट्या प्रश्नातून निघतं.

बीट साखर साठवतं ती आपल्यासाठी नव्हे

बीट मुळात दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी ते पानं काढतं, मूळ जाड करतं आणि त्यात साखर भरून ठेवतं. हिवाळा त्या साठ्यावर काढायचा आणि दुसऱ्या वर्षी त्याच साखरेच्या जोरावर तुरा काढून बी धरायचं, असा त्याचा बेत असतो. शेतकरी पहिल्या वर्षाच्या शेवटी येऊन त्याचा गल्लाच उचलतो.

आता साखर साठते कधी? पानं उन्हात साखर बनवत असतात ती रोजच. पण नत्र भरपूर मिळत असेल तर झाड ती साखर लगेच खर्चून टाकतं. आणखी पानं, आणखी देठ. हातात पैसा खुळखुळत असला की घरावर मजल्यावर मजले चढवणारी माणसं असतात तसं. पोस्टात काही पडत नाही. नत्र आटलं की बांधकाम थांबतं, पानं थोडी पिवळसर पडतात आणि रोजची कमाई मुळामध्ये जमा होऊ लागते.

म्हणून काढणीच्या आधीचे सहा-एक आठवडे बिटाची नत्राने उपासमार व्हावी असं तिथल्या शेतकऱ्याला वाटत असतं. ऑगस्टच्या शेवटी हिरवंगार, डोलणारं शेत पाहून आपण खूश होऊ. तो मात्र कपाळाला हात लावतो.

साखर असूनही हाती न येणं

नत्राचा दुसरा उपद्रव शेतात दिसतच नाही, तो कारखान्यात उघड होतो. जादा नत्र बिटाच्या मुळामध्ये अमिनो आम्लांसारख्या संयुगांच्या रूपात साठून राहतं. रस आटवून साखरेचे स्फटिक पाडताना ही संयुगं आणि त्यांच्या जोडीला सोडियम व पोटॅशियम मध्ये येतात. ती साखरेला स्फटिक होऊ देत नाहीत, धरून ठेवतात आणि आपल्या वजनाहून जास्त साखर मळीत घेऊन जातात. एकाच साखरेच्या टक्केवारीच्या दोन बिटांपैकी एकातून जास्त पोती निघतात आणि दुसऱ्यातून कमी, ते यामुळे.

तिथले कारखाने पैसे देतात ते या निघणाऱ्या साखरेवर. ट्रक रिकामा होताना त्यातले काही बीट नमुना म्हणून पिशवीत पडतात. ते धुऊन, किसून त्यातली साखर आणि हे अडथळे, दोन्ही मोजले जातात आणि तो निकाल त्या शेतकऱ्याच्या खात्यावर चढतो. शेजाऱ्याच्या नाही, कारखान्याच्या सरासरीवरही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग चार फुटांचं काय?

जमिनीतलं अन्न दोन स्वभावांचं असतं. स्फुरद (फॉस्फरस) हळदीसारखं. जिथे सांडलं तिथे डाग धरून बसतं, पाण्याने फारसं हलत नाही. म्हणून स्फुरद, पालाश (पोटॅश), जस्त वगैरेंसाठी वरची सहा इंच माती पुरते.

नत्राचं नायट्रेट नावाचं जे रूप पिकाला मुख्यतः मिळतं, ते मिठासारखं आहे. पाण्यात विरघळतं आणि पाणी जाईल तिथे जातं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. गव्हाला टाकलेलं आणि गव्हाने न खाल्लेलं नायट्रेट पावसाबरोबर दोन, तीन, चार फूट खाली जाऊन बसतं.

गव्हाच्या मुळांना ते सहजी सापडत नाही. बिटाचं सोटमूळ मात्र पाच-सहा फूट खाली सहज उतरतं. ते तिथवर पोचतं कधी? तिथल्या भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकं जेव्हा त्याने नत्र सोडून साखरेकडे वळायला हवं तेव्हा. पथ्यावर ठेवलेल्या माणसाला फडताळाच्या मागच्या बाजूला लाडवांचा डबा सापडावा तसं होतं. वरून तुम्ही खत कितीही मोजून दिलेलं असो.

हा डबा आहे का, असल्यास त्यात किती लाडू आहेत, एवढं पाहण्यासाठी चार फूट. नमुने दोन घेतात. जमिनीपासून दोन फुटांपर्यंतचा एक, दोन ते चार फुटांचा दुसरा. कुदळ-फावड्याचं हे काम नाही. पिकअप ट्रकच्या मागे हायड्रॉलिक दाबावर चालणारी पोकळ नळी असते. ती जमिनीत घुसते आणि मातीची लांब कांडी घेऊन बाहेर येते.

हिशेब करून बघू

लॅबचा आकडा बहुधा 'पीपीएम'मध्ये येतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. आपल्याला हवेत एकरी किलो. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे नऊ लाख किलो भरतं. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं होतं.) म्हणजे सहा इंचांत १ पीपीएम म्हणजे एकरी साधारण ०.९ किलो. दोन फुटांत असे चार थर, म्हणून १ पीपीएमला ३.६ किलो.

नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाकडची जी शिफारस बरीच वर्षं वापरात आहे ती अशी की चार फुटांतलं नायट्रेट-नत्र आणि तुम्ही टाकलेलं नत्र मिळून एकरी सुमारे १३० पौंड, म्हणजे ५९ किलो व्हावं. यात 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा.

समजा वरच्या दोन फुटांत ५ पीपीएम आलं. ५ गुणिले ३.६ म्हणजे १८ किलो. खालच्या दोन फुटांत १० पीपीएम आलं, ते ३६ किलो. जमिनीतच ५४ किलो नत्र आहे. टाकायचं फक्त ५ किलो, युरियाच्या भाषेत एकरी अकरा किलो.

आता हाच शेतकरी आळस करून दोनच फूट तपासतो. त्याला दिसतात १८ किलो. ५९ वजा १८, ४१ किलो नत्र, एकरी सुमारे ८९ किलो युरिया. आपल्या ४५ किलोच्या गोणीने दोन गोण्या. जमीन तीच, पीक तेच. फरक फक्त नळी दोन फूट आणखी खाली गेली की नाही एवढाच. आणि दोन गोण्या युरियाचे पैसे घालून त्याने आपल्या बिटातली साखर कमी करून घेतली.

आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण असे निकाल खऱ्या शेतात येत असतात.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्याकडे ही म्हण माती परीक्षणाच्या प्रत्येक भाषणात येते. मला ती अर्धवट वाटते. भाताचं एक शीत दाबून कळतं, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात एकाच आंचेवर शिजलेला असतो. शेत म्हणजे न ढवळलेली आमटी आहे. वर पाणी, खाली डाळ, एका कोपऱ्यात कोकम.

एक एकराची वरची सहा इंच माती नऊ लाख किलो. तुम्ही लॅबला देता अर्धा किलो. स्फुरद मोजायला लॅब त्यातली घेते एक ते अडीच ग्रॅम. त्या चिमटीवर वर्षाच्या खताचा खर्च ठरतो. चिमटी चुकली तर पुढचं यंत्र कितीही भारी असो, ते चुकीची माती अचूक मोजून देतं.

हे मी स्वतः करून पाहिलंय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सुट्टीत घरी आलो होतो. शिकलेलं दाखवायची हौस होती. चुलत्यांच्या, अण्णांच्या, उसाच्या रानातला नमुना काढला. ऊन चढलं होतं, म्हणून बांधाकडेच्या चिंचेच्या सावलीत दोन खड्डे घेतले आणि आत चार पावलांवर एक. तीन खुरपी माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून मोटारसायकलच्या डिकीत ठेवली. ती तिथे तीन दिवस राहिली. रिपोर्ट आला त्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातला कार्बन) आणि पालाश 'भरपूर' होतं. अण्णांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरं, त्या चिंचंखाली धा वर्सं उकिरडा हुता."

त्या एका पिशवीत मी किती चुका केल्या ते पुढे मोजलं. झाडाखाली, बांधालगत, जुन्या उकिरड्याच्या, खताच्या ढिगाच्या किंवा जनावरं बांधायच्या जागी नमुना घ्यायचा नसतो. तीन खड्डे पुरत नाहीत. एकसारख्या तुकड्यातून नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यावी लागते. वरचा पालापाचोळा बाजूला करून व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची सारखी चकती तासायची. खुरपी नुसती खुपसली की वरची माती जास्त येते आणि खालची कमी. मग सगळी माती स्वच्छ घमेल्यात मिसळून गोलाकार पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा मिसळायची. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. घमेलं खताचं नको, आणि जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको.

डिकीतले तीन दिवस तर नत्राच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. ओली, उबदार माती पिशवीत कोंडली की तिच्यातले जिवाणू कामाला लागतात आणि सेंद्रिय पदार्थातून नवं नायट्रेट तयार करत राहतात. शेतात नसलेलं नत्र रिपोर्टात दिसतं. म्हणून बिटाच्या मुलखात नायट्रेटचे नमुने थंड पेटीतून नेतात किंवा लगेच पसरून वाळवतात. आपल्याकडेही नमुना सावलीत वाळवा म्हणतात. उन्हात नको, चुलीपाशी नको.

रेड रिव्हर खोऱ्यात मोठी शेतं आता एक तुकडा म्हणून तपासत नाहीत. उपग्रहाची चित्रं, उंचसखलपणा आणि जुन्या पिकाचे नकाशे पाहून शेताचे विभाग पाडतात आणि प्रत्येकाचा वेगळा नमुना घेतात. चित्र पाहून पहिली विभागणी शेतकरी स्वतःही करू शकतो. तुमच्या शेतात पाणी साचणारा कोपरा, मुरमाड चढ आणि मधली काळी पट्टी असेल तर ती तीन शेतं आहेत. सात-बारा एक असला म्हणून काय झालं.

लॅब काय मोजते आणि काय मोजत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. लॅब जमिनीतलं सगळं स्फुरद मोजत नाही. ते मोजलं तर आकडा डोळे विस्फारणारा येईल आणि उपयोग शून्य. सात-बारावर वीस एकर असलेल्या माणसाच्या खिशात चहाला पैसे नसतात कधी कधी, तसं. पिकाला लागते रोकड. लॅब एका ठराविक द्रावणात माती घुसळते आणि जेवढं सुटून येतं तेवढं मोजते. ती रोकड, असं अनुभवाने ठरलेलं आहे.

द्रावण मातीप्रमाणे बदलतं. चुनखडीच्या, सामू सातच्या वर असलेल्या जमिनीसाठी ओल्सन यांची १९५४ ची पद्धत आहे. (सामू म्हणजे आम्ल-अल्कपणाचं मोजमाप. सात मध्यम, त्याखाली आम्ल, वर अल्क.) त्यात वापरतात ते सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे भज्यांत चिमूटभर घालतो तो खायचा सोडा. रेड रिव्हर खोऱ्यातही हीच पद्धत आणि आपल्या काळ्या जमिनीतही हीच. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला मात्र ब्रे यांची १९४५ ची आम्ल द्रावणाची पद्धत लागते. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं म्हणजे किलो आणि लिटरची तुलना करणं.

पालाशाची त्या चिकणमातीत सहसा ददात नसते. बोरॉन मात्र बीट मागतं, विशेषतः हलक्या, वाळूसर जमिनीत. कमी पडलं की पानांच्या मधला कोवळा गाभा काळा पडून सडतो. पण बोरॉनची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर अगदी थोडं. बिटाला मानवलेली मात्रा पुढच्या वर्षीच्या घेवड्याला भोवू शकते, म्हणून तपासल्याशिवाय टाकायचं नाही.

सोडियमची गंमत वेगळी. बिटाचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाढणारा. त्यामुळे खारट जमीन बिटाला चालते, थोडं सोडियम तर आवडतंही. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड रानांच्या संदर्भात शर्कराकंदाचं नाव निघतं ते म्हणूनच. पण खाऱ्या जमिनीत मोठं झालेलं बीट टिकतं, उगवणारं रोप नाही. रिपोर्टातली क्षारता वाचताना हा भेद विसरला की फोटोतलं पीक आणि आपलं पीक यांत तफावत पडते.

"दोन लॅबना दिलं, दोन वेगळे आकडे आले. कुणावर विश्वास ठेवायचा?"

आधी हे बघा की दोघांकडे खरंच तीच माती गेली होती का. एका घमेल्यात मिसळून अर्धी-अर्धी दिली असेल तर ठीक. एक पिशवी सोमवारी काढली आणि दुसरी पावसानंतर, तर लॅबला दोष देऊ नका. मग पद्धत आणि एकक पाहा. कुणी पीपीएम लिहितं, कुणी हेक्टरी किलो. कुणी स्फुरद मूलद्रव्य म्हणून देतं, कुणी खताच्या गोणीवर असतं त्या रूपात, आणि नुसत्या त्या फरकाने आकडा २.३ पट होतो. तरीही थोडा फरक उरेल. दोघांनीही 'कमी' म्हटलं असेल तर भांडण मिटलं. एकच लॅब धरून दर दोन-तीन वर्षांनी, वर्षाच्या त्याच सुमाराला तपासत गेलात तर आकडा कुठे चाललाय ते कळतं. मला एका रिपोर्टापेक्षा चार रिपोर्टांची रांग जास्त उपयोगी वाटते.

"नत्र तोडलं तर टनेज पडेल त्याचं काय?"

ही भीती खोटी नाही. नत्र फारच कमी पडलं तर बीट लहान राहतं. साखरेची टक्केवारी छान आणि वजन नाही, असं होतं. म्हणून ५९ किलोचा आकडा आहे, शून्याचा नाही. सुरुवातीला पानांनी दोन ओळींमधली जमीन लवकर झाकली पाहिजे, नाहीतर ऊन मातीवर पडून वाया जातं. त्यासाठी नत्र लागतंच, आणि ते वरच्या थरात, लवकर लागतं.

मुद्दा असा की वजन एका टप्प्यानंतर वाढायचं थांबतं आणि साखर त्याच्या आधीपासून घसरायला लागते. दोन्हींचा मिळून हिशेब करून एकरी निघणारी साखर जिथे सगळ्यात जास्त भरते, तिथे थांबायचं. डोळ्याने ती जागा दिसत नाही, कारण शेत तर अजून जास्त हिरवं होतच असतं. तिथला शेतकरी काढणीच्या वेळी पानं बघतो. हिरवीगार पानं जमिनीत गाडली गेली की त्यातलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं, आणि तेवढं खत पुढच्या वर्षी तो वजा करतो. यंदाची चूक किमान पुढच्या हिशेबात तरी धरायची.

"हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे चार फूट खणायचं का?"

जसंच्या तसं नाही. रेड रिव्हर खोऱ्यात वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून साधारण २० इंच. गहू निघाला की शरदात नमुना घेतात, मग जमीन गोठते, आणि एप्रिल-मेमध्ये पेरणीपर्यंत नायट्रेट बहुतेक तिथल्या तिथे राहतं. त्याच देशात मिशिगन राज्यातही बीट होतं, पण तिथे ओल जास्त. तिथे शरदातल्या नायट्रेटवर हिशेब बसवत नाहीत. आधीचं पीक कोणतं होतं ते पाहून खत ठरवतात. आपल्याकडे मे महिन्यात मोजलेलं नायट्रेट जुलैच्या झडीनंतर कुठे असेल ते सांगता येत नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात शर्कराकंद लावणाऱ्याने मात्र दोन फुटांपर्यंतचं नायट्रेट तपासून घ्यायला हवं, विशेषतः आधी भाजीपाला किंवा ऊस असेल आणि युरियाचा हात सैल असेल तर.

आपल्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या कार्डात, हे नायट्रेट नसतं. २०१५ पासून चालू असलेल्या या योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं मिळून बारा गोष्टी तपासतात. त्यातला नत्राचा आकडा जमीन हंगामभरात किती देऊ शकेल याचा अंदाज असतो, आणि अनेक ठिकाणी तो सेंद्रिय कर्बावरूनच काढतात. बँकेच्या भाषेत ती मुदत ठेव. आज खात्यावर किती शिल्लक आहे ते नायट्रेट सांगतं. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय कर्ब टिकत नाही, त्यामुळे त्या रकान्यात बहुतेकांच्या कार्डावर 'कमी' असतं. आणि 'कमी' वाचलं की आपला हात गोणीकडे जातो.

उसाला हे लागू पडतं का?

तत्त्व तेच. ऊसही नत्र मिळेपर्यंत वाढत राहतो आणि ते आटलं की पक्व होतो. नत्राचे हप्ते मोठ्या बांधणीबरोबर, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर देतात तेव्हा, संपवावेत, असं कृषी विद्यापीठं सांगतात ते याचसाठी. उशिरा दिलेल्या युरियाने ऊस लोळतो, पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, रसात गोडी कमी होते. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. गावोगावी प्रत्यक्षात किती जातं ते आपल्याला माहीत आहेच.

मग शेतकरी ऐकत का नाही? अडाणी म्हणून नव्हे. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. पण हा उतारा पूर्ण कारखान्याचा. अण्णांचा ऊस साडेबारा उताऱ्याचा असो की साडेनऊचा, दर एकच. साखर सगळ्यांच्या सरासरीत विरघळते आणि वजन मात्र ज्याचं त्याच्या काट्याच्या पावतीवर येतं. अशा माणसाला तुम्ही माती तपासून युरिया तोडायला सांगता तेव्हा फायदा सगळ्यांचा आणि जोखीम त्याची एकट्याची, असा तो सौदा असतो. रेड रिव्हरचा शेतकरी चार फूट नळी घालतो कारण त्याच्या ट्रकमधल्या बिटाची साखर त्याच्या नावावर चढते. तंत्रज्ञान आपल्याकडे आहे, लॅब आहेत, शिफारशीही आहेत. माझ्या मते अडलंय ते पावतीवर.

तोवर उसाचा शेतकरी स्वतःच्या फायद्यापुरतं जे करू शकतो ते खतावरचा खर्च वाचवण्याचं. स्फुरद वर्षानुवर्षं टाकून साठलेल्या रानात पुन्हा तेवढंच डीएपी टाकायचं की नाही, हे रिपोर्ट सरळ सांगतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या, उसासाठी नमुना मे-जूनमध्ये घ्या, सुरूसाठी आधीचं पीक निघाल्यावर. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घ्यायच्या पिकाला, ऊस तुटून पाचट बाजूला केल्यावर, खत टाकायच्या आधी. उभ्या उसात घ्यायची वेळ आलीच तर दोन सऱ्यांच्या मधून घ्या, खताच्या ओळीतून नको.

आणि पिशवीत घालायची चिठ्ठी, नाव, गट नंबर, आधीचं पीक, बागायत की जिरायत, हे सगळं पेनाने नको, पेन्सिलीने लिहा. ओल्या मातीत शाई पसरते, आणि लॅबवाल्याला मग गट नंबर ३ की ८ ते कळत नाही.